‘मुबलक जमीन उपलब्ध होती’ : इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

इतिहास शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 29 वर्षे पदवीच्या मुलामुलींना इतिहास शिकवला. अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर बहुतेक दरवर्षी माझ्याच वाट्याला यायचा. निवृत्तीनंतर काही महिन्यांसाठी मुलाकडे मॅसॅच्युसेट्स राज्यात आले आहे आणि इथूनच हे पत्र लिहिते आहे. पत्राचं कारण एक वाक्य आहे. ते मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं की त्यात काय म्हटलं आहे हे पाहायचंच राहून गेलं.

‘अमेरिकेच्या औद्योगिक प्रगतीची कारणे स्पष्ट करा.’ हा प्रश्न तुमच्यापैकी कुणालाच नवा नाही. उत्तराचा पहिला मुद्दाही आपल्या सगळ्यांना पाठ आहे: ‘मुबलक जमीन उपलब्ध होती.’ मग नद्या आणि खनिजं, यंत्रांचे शोध, कालवे आणि रेल्वे, भांडवल, युरोपातून आलेले कष्टाळू लोक. सहा मुद्दे, दहा गुण. गुलामगिरी पुढच्या प्रकरणात, यादवी युद्धाचं कारण म्हणून. मूळ रहिवाशांची हकालपट्टी पश्चिमेकडच्या विस्ताराच्या प्रकरणात, एका परिच्छेदापुरती. परीक्षा जवळ आली की तो परिच्छेद ‘घरी वाचून घ्या’ यात जायचा. माझ्या वर्गात तरी जायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या गावच्या कापड गिरण्या शिकवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घरची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती नेहमी आठवडाभर उशिरा वर्गात यायची, कारण वेचणी चालू असायची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांच्या पेरांवर ओरखडे उठलेले असायचे. ती म्हणाली, ‘मॅडम, इतक्या गिरण्या चालत होत्या, तर तो कापूस वेचे कोण?’

मी म्हणाले, ‘ते पुढच्या प्रकरणात येईल.’

पुढच्या प्रकरणात गुलामगिरी आली, पण तोवर गिरणी मागच्या प्रकरणात राहिली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडून राहिलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुलाने लोवेल दाखवायला नेलं. मेरिमॅक नदीच्या काठची बूट कॉटन मिल्स ही जुनी गिरणी इथे संग्रहालय म्हणून जपली आहे. तळमजल्यावरच्या दालनात यंत्रमाग ओळीने उभे आहेत. माग नंतरच्या काळातले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. दालनात शिरण्याआधी कानात घालायला बोळे देतात. सगळे माग चालू नव्हते, मोजकेच चालवत होते. तेवढ्यांनीही पायाखालची लाकडी जमीन थरथरत होती. धोटा या टोकाला आपटून त्या टोकाला जातो आणि त्याचा एक ठोका संपायच्या आत दुसरा पडतो. सून शेजारी उभी राहून काही सांगत होती, तिचे फक्त ओठ हलताना दिसत होते. दहा मिनिटांत बाहेर आले. इथे मुली दिवसाला 12 ते 13 तास उभ्या असायच्या.

लोवेलची गोष्ट आपण आवडीने शिकवतो, आणि ती आहेच तशी. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा बॉस्टनचा व्यापारी 1810 ते 1812 या काळात इंग्लंडमध्ये राहिला, तिथल्या गिरण्या डोळे उघडे ठेवून पाहिल्या आणि परत येऊन पॉल मूडी या कसबी कारागिराच्या मदतीने यंत्रमाग उभा केला. वॉल्थॅमला त्यांनी कापसापासून कापडापर्यंतची सगळी कामं एका छपराखाली आणली. लोवेल 1817 साली वारला. पुढे त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीवर, जिथे पाणी 32 फूट खाली येतं तिथे, कालवे काढून गिरण्यांची ओळ उभी केली आणि गावाला त्याचं नाव दिलं. 1826 मध्ये अडीच हजार वस्तीचं हे गाव 1840 मध्ये वीस हजारांच्या पुढे गेलं. न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेन इथल्या शेतकऱ्यांच्या मुली कामाला आल्या, कंपनीच्या वसतिगृहात राहिल्या, घंटेवर उठल्या, घंटेवर जेवल्या. त्यांनी स्वतःचं मासिक चालवलं. मजुरी कापली तेव्हा 1834 मध्ये आणि वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा 1836 मध्ये त्या काम सोडून रस्त्यावर उतरल्या. सेरा बॅग्ली या गिरणी कामगार बाईने 1845 मध्ये दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या गोळा करून राज्याच्या विधिमंडळापुढे साक्ष दिली. समितीने ऐकून घेतलं आणि हात वर केले. मॅसॅच्युसेट्समध्ये बायका आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा 1874 साली आला. हे सगळं आपल्या मुलींना जरूर सांगावं. माझ्या वर्गातल्या मुली हा भाग श्वास रोखून ऐकायच्या.

पण इथे ऑक्टोबर संपता संपता गवतावर सकाळी दहिवर गोठलेलं दिसतं. या मातीत पऱ्हाटी उगवत नाही. लोवेलच्या गिरण्यांत पिंजला गेलेला कापूस दोन हजार किलोमीटर दक्षिणेकडून यायचा.

आणि हे लोवेलपासून सुरू झालेलं नाही. 1790 साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला सॅम्युएल स्लेटरने पाण्यावर चालणारी सूतगिरणी सुरू केली, ती आपण पहिली म्हणून शिकवतो. इंग्लंडने यंत्रं आणि कारागीर बाहेर जाऊ द्यायला बंदी केली होती, म्हणून स्लेटर यंत्रांची रचना डोक्यात साठवून निघाला, हेही सांगतो. त्याला भांडवल देणारा मोझेस ब्राउन हा क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, गुलामगिरीचा कडवा विरोधक. स्वतःचे गुलाम त्याने आधीच मुक्त केले होते. त्याच्या पैशावर उभी राहिलेली गिरणी पुढे गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालली. मोझेस ब्राउनला मी ढोंगी म्हणणार नाही. चांगला माणूससुद्धा या व्यवहाराच्या बाहेर राहू शकत नव्हता, इतकी त्याची वीण घट्ट होती. वर्गात चर्चेला घ्यावं असं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

याच विणीत आपल्याकडचा एक धागा आहे, जो मी नोकरीत असताना कधीच सांगितला नाही. अमेरिकेत तेव्हा भारतातून जाडंभरडं सुती कापड मोठ्या प्रमाणावर जायचं. स्वस्त आणि टिकाऊ. गरीब शेतकरी ते वापरायचा. वॉल्थॅमच्या मागांवर निघणारं कापड नेमकं त्याच जातीचं होतं. 1816 साली नवा जकात कायदा होत असताना लोवेल स्वतः वॉशिंग्टनला गेला आणि दक्षिणेतल्या काँग्रेस सदस्यांना त्याने पटवलं. कायद्यात कलम आलं ते असं: सुती कापडावर 25 टक्के जकात, पण कापडाची किंमत चौरस वाराला 25 सेंटपेक्षा कमी असली तरी ती 25 सेंटच धरायची. म्हणजे वाराला सव्वासहा सेंट जकात ठरलेली, कापड कितीही स्वस्त असो. भारी विलायती कापडाला त्याची झळ फारशी नाही, भारतातल्या स्वस्त कापडाला मात्र दार बंद. दक्षिणेकडच्या नेत्यांना काय दाखवलं असेल हे ओळखायला कठीण नाही: भारतीय कापड भारतातल्या कापसाचं असतं, आमच्या मागांवर तुमचा कापूस लागेल. मागवाला आणि मळेवाला एका बाकावर बसले ते त्या वर्षी. आपण 1816 ची जकात ‘बाल्यावस्थेतील उद्योगांना संरक्षण’ अशा एका ओळीत शिकवतो. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच देशातला विणकर बसला होता, हे मुलांना कळायला हवं.

आता कापसाकडे येते. इथे आपल्याला, निदान वऱ्हाड-खानदेशातल्या शिक्षकांना, वेगळी तयारी करावी लागत नाही. जिनिंग म्हणजे काय, हे आपली मुलं गावात बघतात. अमेरिकेच्या आतल्या भागात वाढणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हिरवट आणि धाग्याला घट्ट धरून बसणारी. हाताने सोलायची तर एका माणसाचा दिवस रतलभर, म्हणजे जेमतेम अर्धा किलो, रुईतच जायचा. दोन लाटांचा रेचा तिथे उपयोगी पडत नव्हता. 1793 मध्ये जॉर्जियात सव्हानाजवळच्या एका मळ्यावर राहत असताना एलाय व्हिटनीने तारेच्या दातांनी रुई ओढून घेणारं आणि सरकी अरुंद फटींपाशी अडवणारं यंत्र केलं. हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावरही दिवसाला 50 रतल रुई निघू लागली.

व्हिटनीचं यंत्र आपण ‘श्रम वाचवणारा शोध’ म्हणून शिकवतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी वेचणी केली आहे त्याला इथली गोम लगेच कळेल. सरकी काढायचं काम यंत्राने घेतलं, वेचायचं काम हातालाच राहिलं. जिन जितका वेगाने फिरेल तितकी जास्त बोंडं कुणीतरी वेचायला हवीत. 1790 च्या आसपास या देशात कापूस काही हजार गाठींचाच. 1860 मध्ये तो वर्षाला सुमारे 40 लाख गाठींवर गेला आणि देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा झाला. त्याच 70 वर्षांत गुलाम माणसांची संख्या सात लाखांच्या आतबाहेरून साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. बाहेरून गुलाम आणायला 1808 पासून बंदी होती. मग व्हर्जिनिया-मेरीलँडच्या जुन्या, तंबाखूने दमलेल्या मळ्यांवरची माणसं नव्या कापूस पट्ट्यात विकली गेली. अशी सुमारे दहा लाख माणसं दक्षिण-पश्चिमेकडे हलवली गेली, कित्येक साखळीला बांधून पायी. विकणाऱ्याने आईला एकीकडे आणि लेकराला दुसरीकडे विकलं तर अडवणारं सहसा कुणी नव्हतं.

सॉलोमन नॉर्थप या माणसाची साक्ष मी आता वर्गात वाचून दाखवली असती. न्यूयॉर्क राज्यात राहणारा हा स्वतंत्र गृहस्थ. 1841 मध्ये त्याला फसवून पळवलं आणि लुइझियानात गुलाम म्हणून विकलं. 1853 च्या जानेवारीत तो सुटला आणि त्याने सगळं लिहून ठेवलं. दिवसाला 200 रतल वेचणं हे नेहमीचं काम, म्हणजे 90 किलो. माझ्या लहानपणी आमच्या गावात दिवसाला मणभर कापूस वेचणारी बाई चपळ समजली जायची, हा तर दोन मणांच्या वर झाला. संध्याकाळी टोपल्या घेऊन सगळे जिनघरापाशी काट्यावर जायचे. नॉर्थप सांगतो की माणूस कितीही थकलेला असो, काट्याजवळ जाताना भीती असायचीच. वजन कमी भरलं तर चाबूक. दहा-वीस रतल जास्त भरलं तर उद्यापासून तेवढंच नेहमीचं धरलं जाईल, ही दुसरी भीती.

काट्यापाशी उभं राहणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. माझी आई दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायची. संध्याकाळी धुऱ्यावर मालक काटा धरायचा आणि बाया ओटीतला कापूस गाठोड्यात बांधून ओळीने उभ्या राहायच्या. मालकाचा हात काट्यावर कुठे आहे, याकडे आईची नजर असायची. दोन किलो मारले म्हणून ती रात्री बोलायची. पण दुसऱ्या दिवशी त्या वावरात जायचं की नाही, हे ती ठरवू शकत होती. आणि घरी आम्ही होतो. या दोन गोष्टींमधलं अंतर मला नॉर्थप वाचताना कळलं, आणि ते मी मुलांना आईच्या काट्यापासून सुरुवात करून समजावू शकले असते.

त्या कापसाच्या गाठी बोटीने न्यू ऑर्लिन्सला, तिथून जहाजाने लिव्हरपूलला किंवा बॉस्टनला, बॉस्टनहून लोवेलला. आणि लोवेलहून काय परत जायचं? इथल्या गिरण्या दक्षिणेतल्या मळ्यांसाठी एक खास हलक्या प्रतीचं, जाड, खरखरीत कापड काढायच्या, गुलामांना वर्षाकाठी कपडे द्यायला. 1930 च्या दशकात, जे गुलामगिरीत जन्मले होते आणि अजून जिवंत होते, अशा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी सरकारी योजनेतून लिहून घेतल्या गेल्या. त्यात कित्येक जण लहानपणच्या कपड्याला साधं ‘लोवेल’ म्हणतात. जिथे ते कधी गेले नाहीत, ज्याचं नाव गाव म्हणून त्यांना ठाऊकही नसेल, ते गाव त्यांच्या अंगावर होतं. त्यांनीच वेचलेला कापूस विणून परत आला होता.

चार्ल्स समनर या मॅसॅच्युसेट्सच्या नेत्याने 1848 मध्ये याला नाव दिलं होतं: चाबकाचे धनी आणि मागाचे धनी यांची युती. त्या काळातल्या माणसाला स्वतःच्या राज्यात उभं राहून हे बोलता आलं. लोवेलच्या गिरणीतल्या मुलींनीही गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. म्हणजे ही जोडणी मी आजच्या चष्म्यातून करते आहे असं नाही. त्यांना ती दिसत होती. आपण प्रकरणं पाडताना ती तोडली.

आता ते वाक्य. ‘मुबलक जमीन उपलब्ध होती.’

कापसाला जमीन लागते आणि तो तिला लवकर दमवतो. 1860 पर्यंत कापसाचा गाभा अलाबामा आणि मिसिसिपी इथे सरकला होता. 1800 साली ही जमीन कुणाची होती? चोक्टॉ, चिकसॉ, क्रीक, आणि त्यांच्या ईशान्येला, जॉर्जिया-टेनेसीच्या डोंगरांत, चेरोकी. ही माणसं रानोमाळ भटकत नव्हती. त्यांची शेतं होती, गावं होती. मी इतकी वर्षे ‘रेड इंडियन टोळ्या’ असं लिहून देत होते, त्याची मला लाज वाटते.

चेरोकींचं एकच उदाहरण सविस्तर देते, कारण ते मराठी मुलांच्या मनात रुतेल. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने 1821 पर्यंत आपल्या भाषेसाठी स्वतः लिपी तयार केली, एकेका अक्षराला एकेक उच्चार, आणि काही वर्षांत लोक भराभर वाचायला शिकले. 1827 मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना केली. फेब्रुवारी 1828 मध्ये न्यू इचोटा या आपल्या राजधानीतून त्यांनी वर्तमानपत्र सुरू केलं, ‘चेरोकी फिनिक्स’, काही मजकूर चेरोकीत, काही इंग्रजीत. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं जानेवारी 1832 मध्ये, तेही दोन भाषांत. म्हणजे आपल्या पहिल्या मराठी वर्तमानपत्राच्या चार वर्षं आधी हे लोक स्वतःच्या लिपीत छापत होते. त्यांना हुसकावताना सांगितलेलं कारण हेच होतं की हे लोक सुधारणार नाहीत.

1829 मध्ये त्यांच्या मुलखात सोनं सापडलं. 1830 च्या मे महिन्यात, अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असताना, हकालपट्टीचा कायदा झाला. प्रतिनिधीगृहात मतं पडली 102 विरुद्ध 97. हा आकडा मुलांना जरूर सांगा. तेव्हाचा काळच तसा होता, सगळ्यांना ते योग्य वाटत होतं, असं आपण सहज म्हणून जातो. 97 जणांना ते योग्य वाटलं नव्हतं. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत. त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकींच्या जमिनीचे तुकडे पाडून गोऱ्या रहिवाशांमध्ये लॉटरीने वाटले. चिठ्ठीत नंबर लागला की घर, शेत, फळझाडं सगळं तुमचं, आणि घरात अजून माणसं राहत होती. 1835 मध्ये छापखाना जप्त झाला. त्याच डिसेंबरात एका छोट्या गटाकडून करारावर सह्या घेतल्या. जॉन रॉस या त्यांच्या निवडून आलेल्या प्रमुखाने हजारो चेरोकींच्या सह्यांचा विरोध-अर्ज नेला. सिनेटने करार मंजूर केला, पण लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमतातलं एक मत फिरलं असतं तर तो पडला असता. 1838 च्या उन्हाळ्यात सैनिकांनी लोकांना घरातून उठवून कोंडवाड्यांत भरलं, आणि मग सुमारे 16,000 माणसं दीड हजार किलोमीटरच्या वाटेला लागली, बरीचशी ऐन हिवाळ्यात. कोंडवाड्यांत आणि वाटेत मिळून चार हजारांच्या आसपास मेली. काही श्रीमंत चेरोकींकडे काळे गुलाम होते. तेही त्याच वाटेने चालत गेले, धन्याचं सामान घेऊन. हा भाग गाळू नका. तो गाळला की चेरोकी देवमाणसं होतात, आणि मग मुलांना त्यांच्याविषयी वाटणारी कळकळ पुस्तकी होते.

चोक्टॉंना 1830 च्या करारात एक कोटी दहा लाख एकरांवर पाणी सोडावं लागलं. सरकारी जमीन कचेरीत एकराचा किमान भाव होता सव्वा डॉलर. सट्टेवाल्यांनी आणि मळेवाल्यांनी ती घेतली, गुलाम तारण ठेवून कर्जं काढली, जमीन नांगरली. 1860 च्या जनगणनेत मिसिसिपी राज्यात दर दोन माणसांत एकाहून जास्त गुलाम होता. त्या वर्षी तिथून निघालेल्या गाठी लोवेलमध्ये पिंजल्या जात होत्या.

‘उपलब्ध होती’ याचा अर्थ हा आहे. ती उपलब्ध करून घेतली होती. कुणी केली, कधी केली, किती मतांनी केली, सगळी नोंद आहे. मराठीत ‘उपलब्ध होती’ म्हटलं की कर्ता नाहीसा होतो. व्याकरणाच्या तासाला आपण मुलांना कर्ता शोधायला शिकवतो, इतिहासाच्या तासाला आपणच तो लपवतो.

1803 च्या लुइझियाना खरेदीचंही तेच. नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला जमीन घेतली आणि देशाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. हैतीतल्या गुलामांनी उठाव करून त्याचं सैन्य हरवलं म्हणून त्याने ती विकायला काढली, आणि त्या जमिनीवर राहणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी विचारलं नाही. टेक्सस 1845 मध्ये घेतलं त्यातही कापसाचा हात होता, आणि त्यातून मेक्सिकोशी युद्ध होऊन 1848 मध्ये कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख आला.

तुमच्यातले काही जण म्हणतील की बाई एकाच धाग्यावर सगळं टांगते आहे. तसं नाही. ईरी कालवा मला आजही थक्क करतो. 1817 ते 1825 या आठ वर्षांत 363 मैल, कुदळ-फावडी आणि सुरुंगांच्या बळावर, आणि बफेलोहून न्यूयॉर्कला माल नेण्याचा खर्च टनाला शंभर डॉलरवरून दहाच्या घरात. उत्तरेकडचे लहान शेतकरी, त्यांच्या शाळा, पेटंटचा कायदा, मॅकॉर्मिकचं कापणीयंत्र, 1860 पर्यंत घातलेली 30 हजार मैलांची रेल्वे, यातलं कितीतरी कापसाविना झालं असतं. कापसाचा वाटा नेमका किती, यावर अर्थशास्त्रज्ञ आजही भांडतात आणि ते भांडण मला महत्त्वाचं वाटतं. पण वाटा किती, हा प्रश्न गिरणी आणि मळा एका पानावर असतील तरच विचारता येतो. आपण विद्यार्थ्याला तो प्रश्नच विचारू देत नाही.

आणि आपण तरी या गोष्टीच्या बाहेर कुठे आहोत? 1853 साली निजामाकडून वऱ्हाड घेतला तेव्हा कंपनीचा डोळा कापसावर होता, कारण विलायतेच्या गिरण्यांचा सुमारे चार-पंचमांश कापूस एकट्या अमेरिकेतून येत होता आणि ते त्यांना धोक्याचं वाटत होतं. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं बंद झाली आणि इकडे मुंबईत कापसाचं सोनं झालं. 1865 मध्ये युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि मुंबईतल्या बँका आणि कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या. आमच्या भागातल्या पऱ्हाटीला आज जो बाजार आहे त्याची मुळं त्या वर्षांत आहेत. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून जोतीरावांनी तिकडची गुलामगिरी आणि इकडची शूद्रातिशूद्रांची स्थिती एका पानावर मांडली. दीडशे वर्षांपूर्वी जे त्यांना जमलं ते आपल्याला एका तासात का जमू नये?

अभ्यासक्रम बदला, असं मी या पत्रातून कुणाला सांगत नाही. ते काम समित्यांचं आहे आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या हातात फळा आहे, तेवढ्यापुरतं मागणं आहे. पुढच्या वेळी गिरण्या शिकवाल तेव्हा फळ्यावर एकच नकाशा काढा. वर लोवेल, खाली मिसिसिपीकाठची नॅचेझ आणि न्यू ऑर्लिन्स ही गावं, मध्ये मेरिमॅक आणि मिसिसिपी या दोन नद्या, आणि अलाबामा-मिसिसिपीवर आधी चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ ही नावं. मग तीच नावं खोडून, बाण काढून, पश्चिमेला लिहा. खोडताना मुलांना वर्ष विचारा. मुलं ते विसरणार नाहीत. आणि पहिला मुद्दा लिहून देताना वाक्याला कर्ता द्या. ‘काँग्रेसने कायदा करून आणि सैन्य पाठवून मूळ रहिवाशांची जमीन घेतली आणि ती कापसासाठी विकली.’ दहा गुणांच्या उत्तरात हे बसतं. पेपर तपासताना हा मुद्दा कुणी लिहिला तर त्याला गुण द्या, नमुना उत्तरात नसला तरी.

मागच्या बाकावरची ती मुलगी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. या पत्राचा कच्चा मसुदा मी आधी तिला पाठवला आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली, हे सोबत लिहिलं. तिचा निरोप आला: ‘मॅडम, सध्या अर्धा वर्ग वेचणीला गेला आहे. दिवाळीनंतर पोरं परत आली की नकाशा काढते.’

आपली,
एक निवृत्त सहकारी
(मुक्काम मॅसॅच्युसेट्स, मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात)